रोस्विताचा सात नंबर

आमच्या गावच्या आगगाडी क्लबात बायकांना घेऊ नये असं नियमात कुठंही लिहिलेलं नाही. घ्यावं असंही नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत कुणी विचारलंच नाही, म्हणून प्रश्न आला नाही, एवढंच. बायका क्लबात यायच्या त्या नाताळाच्या आधीच्या चार रविवारी, हातात केकचे ट्रे घेऊन. जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत मधोमध पुरुषांची दुनिया मांडलेली असायची. डोंगर, बोगदे, पूल, स्टेशनं, आणि त्यातून धावणारी वीतभर लांबीची इंजिनं. कडेच्या कपडे बदलायच्या खोलीत बायकांचं दुकान. तिथं कॉफी, स्टोलन हा नाताळचा गोड पाव आणि तीन थरांचा आयरशेके केक. गाड्या फुकट बघायच्या आणि केक विकत घ्यायचा, अशी पद्धत. क्लबचं अख्खं वर्ष त्या केकवर निघायचं, पण केक करणारीनं रुळाला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता.

या दुकानाची मुख्य रोस्विता लीबोल्ड. वय एकाहत्तर, बांधा लहानसर, दोन चष्मे गळ्यात दोन दोऱ्यांनी अडकवलेले, एक लांबचा आणि एक बारीक कामाचा. चीड यावी अशी गोष्ट म्हणजे, त्या व्यायामशाळेत इंजिनाच्या पोटात काय असतं हे खरोखर कुणाला कळत असेल तर ते तिला. नदीकाठच्या कारखान्यात खेळातल्या आगगाड्या बनायच्या तेव्हा ती अठराव्या वर्षी मोटारींच्या बाकावर बसली आणि चाळिशीत उठली. प्रत्येक मोटारीला कार्बनचे दोन बारके ब्रश. एकाला तार लावायची आणि दुसऱ्याचा स्प्रिंग सरळ इंजिनाच्या लोखंडी सांगाड्याला टेकवून द्यायचा. दिवसाला एकशे ऐंशी मोटारी. मग बर्लिनची भिंत पडली, आणि तिच्या मागोमाग दोन वर्षांत आमचा कारखानाही. नवे साहेब आले, त्यांनी यंत्रं मोजली, माणसं मोजली, आणि बाकावरच्या तीसही बायकांना हातात एकेक फूल देऊन घरी पाठवलं. रोस्वितानं ते फूल फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि नंतरची सतरा वर्षं मोठ्या दुकानाच्या बेकरी काउंटरवर काढली.

क्लबचा सभासद होता तिचा नवरा एबरहार्ड, सात नंबरचा. गावात बस चालवायचा. क्लबात त्याचं नाव मोठा कारागीर म्हणून होतं. कुणाचं इंजिन रुसलं की एबरहार्ड ते डब्यात घालून घरी न्यायचा आणि आठवड्यानं धावतं करून आणायचा. त्याला सोल्डरिंगची गन कुठल्या टोकानं धरायची हेही नीट ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून सगळं रोस्विता करायची. एबरहार्ड कधी खोटं बोलला नाही. कुणी कौतुक केलं की तो खाली बघून बिअर प्यायचा. रोस्विताला त्याचा राग यायचा, पण माणूस मायाळू होता आणि घरी येऊन तिचे हात हातात घेऊन म्हणायचा, "आज पुन्हा तुझी फार तारीफ झाली बरं का." ती म्हणायची, "माझी? माझं नाव घेतलं का कुणी?" मग तो तिच्यासाठी चहा टाकायचा.

तो गेला त्याच वर्षी क्लबनं नव्या पद्धतीवर जायचं ठरवलं. पूर्वी रुळात वीज सोडली की रुळावरचं प्रत्येक इंजिन पळायचं, सगळ्यांना एकच हुकूम. आता रुळात वीज कायम आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक पट्टी, म्हणजे डिकोडर. ती पट्टी फक्त आपला नंबर ऐकते. तुम्ही यंत्रावर तीन दाबा, तीन नंबरचं इंजिन हलतं आणि बाकीची गप्प उभी राहतात. आमच्या क्लबात पद्धत अशी पडली की ज्याचा जो सभासद नंबर, तोच त्याच्या इंजिनाचा. माणूस मेला की त्याचा नंबर वर्षभर कुणाला द्यायचा नाही.

क्लबचा अध्यक्ष हार्टमुट क्रेल. नंबर चौदा, पण आवाज पहिल्या नंबरचा. नगरपालिकेत ओळखी त्याच्या, व्यायामशाळा बिनभाड्यानं मिळते ती त्याच्या सहीवर, त्यामुळे त्याच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. आपल्या जुन्या इंजिनात डिकोडर बसवायला तो स्वतः बसला. सांगाड्याला टेकलेला ब्रश आधी सुटा करावा लागतो, नाहीतर रुळाची वीज थेट पट्टीत शिरते; त्यानं तो तसाच ठेवला. वीज सोडल्याबरोबर एक बारीकशी टिचकी, एक करपट वास, आणि डिकोडर खलास. त्यानं दुसरा घेतला आणि तसाच बसवला. तोही खलास. हार्टमुटनं भर सभेत सांगितलं की हल्लीचा मालच रद्दी येतो.

त्यानंतर दोन दिवसांनी क्लबचा चिटणीस लोथार बायर रोस्विताच्या दारात उभा राहिला, काखेत इंजिनाचा डबा. लोथार एबरहार्डचा शाळेपासूनचा दोस्त. मऊ माणूस, भांडणाला घाबरणारा. त्यानं बूट काढले, स्वयंपाकघरात बसला आणि बराच वेळ कॉफी ढवळत राहिला.

"रोस्विता, खरं सांग. एबरहार्डची कामं कोण करायचं?"

"एबरहार्ड."

"अगं, चाळीस वर्षं पत्ते खेळलो मी त्याच्याबरोबर. धड वाटता यायचे नाहीत त्याला. आणि केसाएवढ्या तारा जोडायचा?"

"कळतंय तर विचारतोस कशाला?"

"त्यालाही कधी विचारलं नाही म्हणून," लोथार म्हणाला आणि डबा पुढं सरकवला. "याच्यात डिकोडर बसेल?"

रोस्वितानं बारीक कामाचा चष्मा चढवला. "आण इकडं. आणि तो साखरेचा डबा हलव, मला उजेड पाहिजे."

दीड वर्षात तिनं सहा जणांची इंजिनं केली. कुणाच्या पट्टीला जागा नव्हती तिथं शिशाचं वजन कापलं, कुणाच्या दिव्यांना नव्या तारा ओढल्या. एकही डिकोडर जळला नाही. एकही इंजिन परत आलं नाही. मोबदला म्हणून कुणी कॉफीचं पुडकं आणायचं, कुणी बागेतले आलुबुखार, आणि सगळे एकच वाक्य म्हणायचे, "तुझी बोटं म्हणजे सोनं आहे गं, रोस्विता." सोन्याच्या बोटांना क्लबात मात्र ट्रेच उचलायला मिळत होता.

शेवटी तिनं मागितलं. लोथारलाच सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती.

"मला सभासद व्हायचंय. सात नंबर मला पाहिजे. आणि नाताळाच्या प्रदर्शनात एबरहार्डची लाल गाडी मला स्वतः चालवायचीय. यंत्रापाशी खुर्चीवर बसून. सगळ्यांसमोर."

लोथार हसला नाही, हे तिला बरं वाटलं. "जानेवारीच्या सभेत मांडतो," तो म्हणाला. "शब्द देतो तुला."

हार्टमुटलाही नाही म्हणता येईना. सहा जणांची इंजिनं तिच्या हातून गेलेली. तो म्हणाला, "दुसऱ्या रविवारी तीन ते चार तुझी गाडी. लोकांनी एकदा बघितलं की जानेवारीत हात आपोआप वर होतील. पण ती लाल चालणार आहे का? ती काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू आहे."

"चालेल," रोस्विता म्हणाली.

ती लाल म्हणजे डिझेल इंजिनाचं जुनं मॉडेल, आमच्याच कारखान्यातलं. लग्नाच्या पहिल्या नाताळाला तिनं एबरहार्डला दिलेलं. तिच्या पोटातली मोटार रोस्वितानं स्वतःच्या बाकावर बांधली होती. आता तिच्यात कोणती पट्टी घालायची यावर तिनं तीन आठवडे घालवले. क्लबातले सगळे आवाजवाल्या डिकोडरच्या मागं लागलेले, इंजिन घरघरलं पाहिजे, भोंगा वाजला पाहिजे. तिनं आधी मीटर जोडला, चाक बोटानं गच्च धरून ठेवलं आणि अडलेली मोटार किती वीज ओढते ते बघितलं. जवळजवळ एक अँपियर. जुन्या मोटारी खादाड असतात. स्वस्तातली बारकी पट्टी तेवढ्यानं जळून गेली असती. झेपेल अशी मोठी पट्टी छताखाली मावत नव्हती. आवाजवालीला वर स्पीकरही लागणार होता, त्याला तर जागाच नाही. आणि एबरहार्डची तक्रार आवाजाची नव्हतीच. तो आयुष्यभर म्हणायचा, "लाल सुटते ती दचकून सुटते. प्रवासी पडतील बिचारे." बसवाला तो, त्याला प्रवाशांची काळजी. म्हणून तिनं मुकी पण दणकट पट्टी घेतली, अगदी हळू चालीतही मोटारीला सांभाळून घेणारी.

मग पट्टीला जागा व्हावी म्हणून आतलं शिशाचं वजन कानशीनं घासलं, सलग चार दुपारी. मग मोटार बाहेर काढली. बावीस वर्षं जो स्प्रिंग तिनं सांगाड्याला टेकवला, तो आता कुठंही टेकता कामा नये. तिनं त्याच्याखाली फायबरची चकती घातली, भोवती पिवळी उष्णतेची टेप गुंडाळली, आणि मीटरनं तीनदा तपासलं. लाल आणि काळी तार रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटारीकडं, दिव्यांना पांढरी आणि पिवळी. हात थोडे कापायला लागले होते. श्वास रोखला की थांबायचे, म्हणून ती श्वास रोखून एकेक थेंब सोल्डर सोडत होती.

नवा डिकोडर नेहमी तीन नंबरवर येतो. तिनं टेबलावरच्या मीटरभर रुळावर लाल ठेवली, घरच्या छोट्या यंत्रावरून सात नंबर दिला आणि बटण अगदी एक दाणा फिरवलं. लाल सुटली. दचकली नाही. इतकी हळू निघाली की मीटरभर रूळ ओलांडायला तिला सव्वा मिनिट लागलं. रोस्विता ते बघत राहिली आणि तिला रडू आलं, आणि रडता रडता मेलेल्या नवऱ्याचा भयंकर राग आला, की हे बघायला तू थांबला नाहीस.

दुसऱ्या रविवारी पहाटेच उठून तिनं चार ट्रे भाजले, केस नीट बसवले, निळा ब्लाउज घातला. क्लबात सगळ्यांच्या आधी पोचून तिनं लालला पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर उभं केलं. यंत्राच्या वर भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद होता: नंबर देताना रुळांवर एकच इंजिन ठेवा, बाकी सगळी उचला. कारण क्लबचं यंत्र साधं होतं. त्याला रुळावर कोण कोण उभं आहे हे दिसत नाही. नंबर द्यायच्या बटणावर बोट ठेवलं की रुळावर जितकी इंजिनं तितक्यांना तोच नंबर जातो.

तीनला दहा कमी असताना हार्टमुट केकच्या खिडकीपाशी आला. नव्या कोटात, घाम पुसत.

"रोस्विता, रांग बघ किती आहे. आत्ता तू गेलीस तर इथं गोंधळ होईल. चार वाजता ये."

"तीन ठरलं होतं."

"अगं, नगराध्यक्ष बाई आल्यात. त्यांना माझं नवं इंजिन दाखवतो, पाच मिनिटांचं काम. तुझी लाल काय पळून जाणार आहे?"

मागं माणसं उभी होती, हातात रिकाम्या बशा. रोस्वितानं सोडलेला ॲप्रन पुन्हा बांधला. पुढं तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की तो ॲप्रन तिनं स्वतःच्या हातानं बांधला.

हार्टमुटचं नवं इंजिन डिकोडरसकट कंपनीतून आलेलं, डब्यातून पहिल्यांदाच बाहेर. ते तीन नंबरवर होतं, आणि त्याला तर चौदा हवा होता. नगराध्यक्ष बाई शेजारी उभ्या. रुळावरची सात इंजिनं एकेक करून उचलायची म्हणजे बाईंना ताटकळत ठेवायचं, आणि भिंतीवरचा कागद वाचायचा म्हणजे केकवालीचं ऐकायचं. हार्टमुटनं यापैकी काहीच केलं नाही. इंजिन रुळावर ठेवलं, चौदा दाबलं आणि झोकात बटण फिरवलं.

रोस्विताला आधी दिसलं नाही, ऐकू आलं. पोरांच्या टाळ्या, मग एक ओरडा, मग लाकडी जमिनीवर काहीतरी आपटल्याचा आवाज. ती ट्रे टाकून धावली. आठही इंजिनं एकदम सुटली होती. स्टेशनात दोन एकमेकांवर चढलेली, बोगद्याच्या तोंडाशी एक आडवं. पुलावर मागून आलेल्या मालगाडीनं लालला ढकलत नेलं होतं. लाल कठड्यावरून खाली, कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर पडली होती. छत एकीकडं, सांगाडा दुसरीकडं.

हार्टमुट तोवर माईकपाशी पोचला होता. "तांत्रिक बिघाड आहे, मंडळी! दहा मिनिटं विश्रांती. तोवर कॉफी क्लबतर्फे!"

रोस्वितानं लाल उचलून ॲप्रनच्या खिशात घातली आणि यंत्रापाशी गेली. लोथार तिथं पांढराफटक होऊन उभा.

"सगळी उचल," ती म्हणाली. "आता तुझं एकटं ठेव. नंबर वाच."

लोथारनं पडद्यावर बघितलं. त्याच्या इंजिनाचा नंबर नऊ. पडद्यावर आला चौदा.

"पुढचं ठेव."

चौदा. तिसरं, चौदा. लोथारनं सहाही स्वतःच्या हातानं ठेवली आणि स्वतःच्या तोंडानं वाचली. चौदा, चौदा, चौदा.

"यानं सगळ्यांना स्वतःचा नंबर देऊन टाकला," रोस्विता म्हणाली. "इथंच थांब, मी सगळ्यांना बोलावते. बघू दे त्यांना."

"आत्ता नको गं," लोथार तिच्या दंडाला धरून म्हणाला. "नगराध्यक्ष बाई आहेत. पोरं रडतायत बघ. तू आधी नीट कर, तुझ्याइतकं पटकन कुणाला येत नाही. नंतर मी सांगतो ना सगळ्यांना. मी बघितलंय की डोळ्यानं."

बिघडलेली वस्तू समोर असली की रोस्विताला ती तशी ठेवता येत नसे. बाकावरची सवय. तिनं सात मिनिटांत सहाही इंजिनांना आपापले नंबर परत दिले. दहाव्या मिनिटाला गाड्या धावायला लागल्या, पोरं हसली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि हार्टमुटनं वाकून त्या घेतल्या. लोक पांगल्यावर तो सभासदांच्या घोळक्यात मोठ्यानं म्हणाला, "आठ इंजिनं. सात पिसाळली, एक नीट चाललं. जे नीट चाललं ते कंपनीतून आलं. जी पिसाळली ती कुठून आली, मी नाव घेत नाही."

रोस्विता पुढं झाली. "सगळ्यांत चौदा नंबर होता, हार्टमुट. तुझा."

"असं? दाखव बरं."

कुणीतरी एक इंजिन रुळावर ठेवलं. नऊ. दुसरं ठेवलं. अकरा. रोस्विता बघत राहिली. पुरावा होता तो तिनंच, सात मिनिटांत, अगदी स्वच्छ पुसून टाकला होता. तिनं लोथारकडं बघितलं. तो खुर्च्या गोळा करत होता.

घरी तिनं लाल टेबलावर ठेवली. मोटार शाबूत होती, रुळाकडची काळी तार तेवढी तुटलेली. ती जोडली आणि नंबर वाचला. चौदा. तुटलेली होती म्हणून तिला सात परत मिळाला नव्हता. रोस्वितानं त्याला हात लावला नाही. छत चिकटवलं, लाल रुमालात गुंडाळली आणि जानेवारीची वाट बघितली.

सभा शनिवारी दुपारी भरली. अकरा सभासद आणि भिंतीशी पाहुण्यांच्या खुर्चीवर रोस्विता. लोथारनं कागदावरून वाचलं, "विषय पाचवा. श्रीमती लीबोल्ड यांचा सभासदत्वाचा अर्ज." वाचताना त्यानं मान वर केली नाही.

रोस्विता उठली, लाल रुळावर ठेवली आणि सगळ्यांना पडद्यापाशी बोलावलं. "त्या दिवशी ही तुटली होती, म्हणून हिला सात नंबर परत दिला गेला नाही. वाचा."

सगळ्यांनी वाचलं. मग हार्टमुट हसला, अगदी मायेनं.

"अगं रोस्विता, महिनाभर हे इंजिन तुझ्या घरी आहे. नंबर घालायचं यंत्र तुझ्या घरी आहे. आणि नंबर घालण्यात तुझा हात धरणारं इथं कुणी नाही, हे आम्हीच म्हणत आलोय. चौदा काय, तू हिच्यात माझी जन्मतारीखही घालशील."

दोघंतिघं हसले.

"लोथारनं बघितलंय," रोस्विता म्हणाली. "सहाही इंजिनं त्यानं स्वतः ठेवली. स्वतः वाचली. विचारा त्याला."

सगळे लोथारकडं वळले. हार्टमुटही वळला, आणि बोलता बोलता त्यानं समोरचा व्यायामशाळेचा करार उगाच थोडा सरळ करून ठेवला. या वर्षी तो नव्यानं व्हायचा होता.

"खूप गडबड होती त्या दिवशी," लोथार म्हणाला. "पोरं ओरडत होती. मी... मला नक्की असं काही सांगता येणार नाही."

"ठीक आहे," हार्टमुट म्हणाला. "अर्जाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

एक हात वर झाला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या गॉटहोल्डचा, सांधे सुजलेला, पूर्ण सरळ न होणारा. "तिनं माझं इंजिन नीट केलं," तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. "बाकीचं मला कळत नाही." त्यानं इकडंतिकडं बघितलं, पण हात खाली घेतला नाही. सहा इंजिनांच्या पोटात रोस्विताचं सोल्डर होतं, त्यातल्या पाच मालकांचे हात टेबलाखाली होते.

"नामंजूर," हार्टमुट म्हणाला. "यापुढं डिकोडर शहरातल्या दुकानातूनच बसवून घ्यायचे. म्हणजे कुणावर ठपका यायला नको. बाकी रोस्विता, मनात काही ठेवू नकोस हं. पुढच्या नाताळाला नेहमीसारखे चार ट्रे धरतोय मी तुझे."

"धरू नकोस," रोस्विता म्हणाली.

ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि कपाटातले आपले ट्रे काढले. सहा होते. लालसुद्धा सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये रुमालात ठेवली. अंगणात बर्फ तुडवून तुडवून काळा झाला होता. गाडीचं दार उघडायला तिचे हात रिकामे नव्हते. मागून लोथार आला, कोट न घालताच, आणि त्यानं दार उघडून धरलं.

"रोस्विता," तो म्हणाला, "मला माहीत आहे गं. तुझी काही चूक नव्हती, मला चांगलं माहीत आहे. पण तो करार... क्लबच राहिला नसता. तू समजून घे."

"तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं," रोस्विता म्हणाली. "म्हणून तर हात मोजले नाहीत मी. बाकी कुणाकडं बघितलंच नाही. तुझ्या एकट्याच्या हाताकडं बघत होते."

लोथार दार धरून तसाच उभा राहिला. तिनं ट्रे मागच्या सीटवर ठेवले आणि दार त्याच्या हातातून काढून घेऊन लावलं.